यात्रेकरूचें मागें राहिलेलें घर

इतिहास हा बहुतेक निघून गेलेल्या माणसांचा लिहिला जातो. कोण काशीस गेला, कोण स्वारीबरोबर दिल्लीपर्यंत पोंचला, कोण विद्येसाठीं समुद्रापलीकडे गेला, हें आपण आवडीनें वाचतों. परंतु तो गेल्यावर त्याच्या दाराची किल्ली कोणाच्या कनवटीस होती, कोठींतलें धान्य कोणी राखलें, आणि तो परत आला तेव्हां त्याचें घर त्याला जसेंच्या तसें मिळालें कीं नाहीं, असें इतिहासकार सहसा विचारीत नाहींत. प्रवास करणाऱ्या माणसाच्या मनांत मात्र पहिला प्रश्न हाच असतो. आजच्या भाषणांत त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे, आणि त्यासाठीं मीं जें गांव निवडलें आहे तें म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील परंडा.

परंडा हें सीना नदीच्या खोऱ्यांतलें, भुईकोट किल्ल्याचें गांव. किल्ल्याच्या बांधणीचें श्रेय परंपरेनें बहामनी वजीर महमूद गवान यास दिलें जातें. १६०० सालीं मोंगलांनीं अहमदनगर घेतलें, तेव्हां मलिक अंबरानें दुसऱ्या मुर्तजास गादीवर बसवून कांहीं वर्षें निजामशाहीची राजधानी येथेंच ठेवली होती. १६३० च्या भीषण दुष्काळाच्या सुमारास मोंगल सरदार आझमखान यानें किल्ल्यास वेढा घातला. पण जनावरांस वैरण मिळेना, म्हणून त्याला तो उठवावा लागला. १६३४ मध्यें शहाजहानचा पुत्र शुजा आणि महाबतखान यांचाहि प्रयत्न फसला. पुढें १६६० मध्यें किल्ला मोंगलांच्या हातीं गेला, आणि त्यानंतर निजामाच्या राज्यांत. १९४८ पर्यंत परंडा हैदराबाद संस्थानांतच होतें.

विजापूरच्या बुरुजावर जी प्रचंड ‘मुलूखमैदान’ तोफ आहे ती मुळांत १५४९ मध्यें अहमदनगरास ओतलेली. ती परंड्याच्या किल्ल्यांत होती, आणि १६३२ मध्यें विजापूरकरांनीं ती येथून उचलून नेली. पंचावन्न टनांची म्हणून सांगितली जाणारी वस्तूहि ज्या गांवांत जागेवर राहिली नाहीं, त्या गांवांतील गृहस्थानें आपला पितळेचा हंडा आणि बायकोच्या पाटल्या कोणाच्या भरंवशावर ठेवून यात्रेस निघावें, हा प्रश्न किती बिकट असेल याची कल्पना यावरून यावी.

आणि यात्रा म्हणजे तरी केवढी? परंड्याहून काशी सुमारें बाराशे ते तेराशे किलोमीटर. रोज वीस किलोमीटरची मजल धरली तरी नुसत्या जाण्यास दोन महिने लागत. वाटेंत चातुर्मास आला तर मुक्काम; काशीनंतर प्रयाग आणि गया; मग गंगेची कावड घेऊन परतणें. वर्ष सहज उलटे, आणि दोन वर्षें झालीं तरी कोणाला नवल वाटत नसे. १८५७ मध्यें कुलाबा जिल्ह्यांतील वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांची हकीकत १९०७ मध्यें ‘माझा प्रवास’ या नांवानें छापली गेली, आणि ती मराठी वाचकांस परिचित आहे. कर्जानें गांजलेला हा ब्राह्मण द्रव्यार्जनाच्या आशेनें निघाला आणि बंडाच्या वावटळींत सांपडला. असा प्रवासी परत येईल कीं नाहीं याचीच शाश्वती नसे. म्हणून यात्रेस निघतांना देणेंकऱ्याचें देणें फेडावें, घरच्यांच्या निर्वाहाची तजवीज करावी, आणि मगच घराबाहेर पाऊल टाकावें, असा आपल्याकडील जुना शिष्टाचार होता. त्यांत वैराग्याबरोबर व्यवहारहि होता.

या व्यवहाराची पहिली अडचण खुद्द घर हीच. मराठवाड्यांतील जुन्या घरांस कौलें नसत, माळवद असे. लांकडी तुळया, त्यांवर आडव्या काठ्या, त्यांवर पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत हें छप्पर फार सुखाचें. परंतु तें जिवंत माणसाच्या हातावर जगतें. मृगापूर्वीं त्यावर नवी माती पसरून ती चोपावी लागते, उगवलेलें गवत उपटावें लागतें, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात, उंदरांनीं पाडलेलीं भोकें बुजवावीं लागतात. एका पावसाळ्यांत ही निगा चुकली तर गळती लागते. दोन पावसाळे चुकली तर तुळया कुजतात. आणि मातीची भिंत एकदां भिजून खचली कीं मग कुलूप लावलेलें दार तेवढें उभें राहतें. तेव्हां घर बंद करून जाणें याचा अर्थ तें पाडून जाणें. यात्रेकरूस घरांत कोणी तरी ठेवणें भागच पडे: विधवा बहीण, धाकटी पाती, एखादें गरजू कुटुंब. पुष्कळदां अशा कुटुंबाकडून भाडें घेत नसत. सांजवात लावावी, तुळशीस पाणी घालावें, माळवदावर माती टाकावी, हेंच भाडें.

धान्याची व्यवस्था मात्र अधिक पक्की असे. वाड्याच्या आंतल्या बाजूस भिंतींच्या मधोमध बळद असे. त्यांत वरून धान्य ओतावयाचें आणि खालच्या मोरीवाटें हवें तेवढें काढावयाचें. त्याहून दीर्घ मुदतीची ठेव म्हणजे पेंव. गांवच्या पांढरींत, म्हणजे काळ्या शेतजमिनीपासून दूर, उंच कोरड्या जागीं खोल खड्डा खणून त्यास आंतून कडब्याचें अस्तर देत, ज्वारी भरीत, तोंडावर शिळा ठेवून वर माती लोटीत. हवा न लागल्यामुळें किडा होत नसे, आणि ज्वारी वर्षानुवर्षें टिके. पेंव उघडण्याची रीतहि ठरलेली असे. आंतली कोंडलेली हवा प्राणघातक असते, म्हणून तोंड मोकळें करून बराच वेळ जाऊं देत, मग दिवा सोडून पाहत. तो विझला नाहीं तरच मनुष्य उतरे. पेंवाचा मोठा गुण असा कीं तें चोरून उघडतां येत नाहीं. खणण्यास वेळ लागतो, माणसें लागतात, आणि सारें गांव पाहतें. ज्या ठेवीस कुलूप नाहीं तिला गांवाचे डोळे हेंच कुलूप होतें.

गुरें अर्धेलीनें देत: सांभाळणाऱ्यानें चारावें, दूध घ्यावें, आणि वासरांत निम्मा वांटा घ्यावा. शेत बटाईनें लावीत. देव्हाऱ्यांतले देव भाऊबंदांच्या घरीं नेऊन पूजेची सोय करीत, कारण देवांस उपाशी ठेवून तीर्थास जाण्यांत पुण्य कसलें? भांडीं नातेवाइकांकडे जात. आपल्या आज्यांच्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर ठोकून घातलेलीं नांवें आपण हौसेनें वाचतों. पण जेथें एकाचीं भांडीं दुसऱ्याच्या घरीं वर्षानुवर्षें राहत, तेथें तें नांव हौसेपेक्षां पुराव्याच्याच अधिक उपयोगाचें होतें. सोनें आणि कागदपत्र हा सर्वांत नाजूक भाग. तो सावकाराच्या किंवा विश्वासू स्नेह्याच्या स्वाधीन होई. नाहीं तर जमिनींत पुरला जाई. पुरलेल्या धनाचा दोष हा कीं त्याचा साक्षीदार कोणी नसतो. यात्रेकरू वाटेंत वारला म्हणजे तें धनहि त्याच्याबरोबर गेलें.

आतां कोणी विचारील कीं स्नेह्यानें ठेव नाकारली तर? या प्रश्नाचें फार खोल उत्तर परंड्याच्या पूर्वेस, दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरांवरील कल्याणींत लिहिलें गेलें. आज कर्नाटकांत बसवकल्याण म्हणून ओळखलें जाणारें हें नगर चालुक्यांची राजधानी होतें. आणि सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळांत, विज्ञानेश्वरानें तेथें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका रचली. इंग्रजी न्यायालयांनींहि पुढें तिचा आधार घेतला. आपल्या धर्मशास्त्रांत व्यवहाराचीं, म्हणजे फिर्यादीचीं, अठरा पदें मानलीं आहेत. मनूनें त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपास दुसरें स्थान दिलें आहे. यावरून हे तंटे किती नेहमींचे असतील तें समजतें.

शास्त्रकारांनीं ठेवीचे बारीक भेद केले. वस्तु मोजून, दाखवून दिली तर तो निक्षेप; पेटींत घालून, मोहोर करून, आंत काय आहे हें न सांगतां दिली तर तो उपनिधि. उपनिधि जसा घेतला तसाच, मोहोर न फोडतां परत करावयाचा. ठेव राजानें नेली, दैवी आपत्तींत नष्ट झाली किंवा चोरांनीं लुटली, तर राखणाऱ्यावर भरपाईचा बोजा नाहीं. परंतु धन्यानें मागितल्यावर ती दिली नाहीं आणि मग ती नष्ट झाली, तर मात्र किंमत द्यावयाची आणि तितकाच दंडहि. ठेवीवर स्वतःचा चरितार्थ चालविला तर व्याजासह भरपाई. या नियमांतील विवेक पाहण्यासारखा आहे. प्रामाणिक शेजाऱ्यास दुर्दैवाची शिक्षा नाहीं. चालढकल करणाऱ्यास मात्र दुर्दैवाचीहि सबब नाहीं.

कौटिल्य तर त्याहून व्यवहारी. परचक्रानें किंवा अरण्यवासी टोळ्यांनीं दुर्ग वा राष्ट्र उद्ध्वस्त केलें, गांव किंवा तांडा लुटला गेला, आग लागली, पूर आला, तर ठेवीची जबाबदारी संपते, असें तो सांगतो. परंड्यासारख्या वारंवार वेढ्यांत सांपडणाऱ्या गांवास हें कलम किती लागू पडतें पाहा! घरभाड्याचा विचारहि त्यानें केला आहे. नको म्हटलें असतांहि घरांत राहणाऱ्या भाडेकऱ्यास दंड आहे, आणि भाडें देणाऱ्या भाडेकऱ्यास कारणावांचून हांकून देणाऱ्या मालकासहि दंड आहे. भाडेकरी आपण होऊन निघून गेला तर वर्षाचें उरलेलें भाडें त्यानें भरावयाचें. मालक आणि भाडेकरी या दोघांसहि एकमेकांपासून संरक्षण हवें, हें सूत्र इतकें जुनें आहे.

परंतु शास्त्र हें तंटा झाल्यावरचें औषध. तंटा होऊंच नये म्हणून महाराष्ट्रांतील गांवगाड्यानें जी सोय केली होती ती मिराशीची. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेचा जमीनमालक. दुष्काळानें, दंग्यानें किंवा कर्जानें तो परागंदा झाला तरी त्याची मिरास बुडत नसे. गांव त्याची जमीन उपऱ्यास, म्हणजे बाहेरून आलेल्या कुळास, कसावयास देई. सारा भरला जाई. आणि मिरासदार किंवा त्याचा वंशज परत आला तर मधल्या काळांतील रास्त खर्च भरून तो आपली जमीन मागूं शके. वंशच संपला तर ती जमीन गतकूळ म्हणून नोंदली जाई. नांव पाहा: धनी गेला तरी जमिनीस त्याच्या कुळाची ओळख चिकटून राही. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं दख्खनची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांस या हक्काचें नवल वाटलें होतें. आज आपण घर भाड्यानें देऊन परदेशीं जातों तेव्हां ज्या हमीसाठीं धडपडतों, ती हमी येथें सबंध गांव देत असे. मात्र हेंहि विसरूं नये कीं उपऱ्याच्या वांट्यास यांत फारसें कांहीं येत नसे. वीस वर्षें घाम गाळलेली जमीन एके दिवशीं सोडावी लागणें हा त्याच्या दृष्टीनें न्याय नव्हता.

प्रवासांत पैसा जवळ न बाळगतां न्यावा कसा, याचें उत्तर हुंडींत होतें. घरच्या सावकाराकडे रक्कम भरावी आणि काशीच्या पेढीवर हुंडी घ्यावी. दर्शनी असेल तर दाखवितांच पैसे, मुदती असेल तर मुदतीनें. एका अर्थीं हुंडी ही चालती ठेवच. मग आगगाडी आली. १८६० मध्यें लोहमार्ग सोलापुरास पोंचला. १८७० मध्यें मुंबई-कलकत्ता मार्ग जबलपुराजवळ जोडला गेला. आणि १८९७ मध्यें बार्शी लाइट रेल्वेनें बार्शी गांव मुख्य मार्गावरील बार्शी रोडास, म्हणजे हल्लींच्या कुर्डुवाडीस, जोडलें. परंड्याहून बार्शी जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. जी काशी दोन महिन्यांवर होती ती चार-पांच दिवसांवर आली. त्याबरोबर घर सोंपवून जाण्याची जुनी रीतहि सैल झाली. महिन्याभरासाठीं देव कोण हलवितो?

पण याच परंड्याच्या परिसरांत विसाव्या शतकांत अशी एक वेळ आली कीं आगगाडी, हुंडी, शास्त्र यांपैकीं कशाचाहि उपयोग झाला नाहीं. १९४७ च्या उत्तरार्धापासून १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत रझाकारांच्या जुलमामुळें संस्थानच्या सीमेवरील अनेक कुटुंबांनीं घरें सोडून बार्शी, सोलापूर, अहमदनगर या बाजूंस आश्रय घेतला. ही यात्रा नव्हती. परतीचा मुहूर्त नव्हता. पाटे-वरवंटे, जातीं, धान्य, गुरें जागच्या जागीं टाकून लोक निघाले. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूनें नळदुर्गाकडे सरकलें, आणि पांच दिवसांत संस्थानचें सैन्य शरण आलें. पळालेले लोक परतूं लागले. मात्र त्याच सुमारास याच जिल्ह्यांतील अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूडाचे हल्ले झाले. भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें सर्वाधिक झळ पोंचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा, म्हणजे हल्लींच्या धाराशिवचा, समावेश केला आहे. एका वर्षाच्या आंत दोन समाजांनीं आळीपाळीनें आपलीं घरें मागें सोडलीं. राजा, दैव आणि चोर या तिघांच्या कचाट्यांत ठेव सांपडली तर राखणाऱ्यास दोष नाहीं, असें शास्त्र म्हणतें. येथें तिघेहि एकदम उभे राहिले होते. अशा वेळीं शेजाऱ्याचें कुलूप शेजाऱ्यानें शाबूत ठेवावें यास कोणताहि कायदा भाग पाडूं शकत नाहीं. आणि जेथें कोणी तें शाबूत ठेवलें असेल तेथें त्याची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नाहीं.

स्वातंत्र्योत्तर काळांत घर सोंपविण्याचा प्रश्न शहरांत वेगळ्या रूपानें उभा राहिला. मुंबई इलाख्यांत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें, आणि मराठवाड्यांत हैदराबादच्या १९५४ च्या कायद्यानें, भाडेकऱ्यास मोठें संरक्षण मिळालें. टंचाईच्या काळांत तें आवश्यकच होतें. पण त्याची दुसरी बाजू अशी झाली कीं दोन वर्षांसाठीं विलायतेस जाणारा गृहस्थ घर भाड्यानें देण्यास कचरूं लागला. आंत गेलेला भाडेकरी बाहेर निघेल कीं नाहीं, या धास्तीनें घरें कुलूपबंद राहूं लागलीं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें हे निरनिराळे कायदे एकत्र आणले. त्यानुसार राहण्यासाठीं परवान्यावर, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स करारानें, दिलेलें घर मुदत संपतांच मालकास परत मागतां येतें. करार लेखी व नोंदणीकृत असावा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाहीं, तर अटींविषयीं भाडेकरी जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें मानलें जातें. घर देऊन दीर्घ प्रवासास निघणाऱ्यानें हें कलम विसरूं नये.

दागिन्यांची ठेव आतां बँकेच्या लॉकरांत जाते. लॉकर म्हणजे जुना उपनिधिच: आंत काय आहे हें राखणाऱ्यास ठाऊक नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें आग, चोरी किंवा नोकरांची लबाडी यांमुळें नुकसान झालें तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत. भूकंप, पूर, वीज यांबद्दल, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, जबाबदारी नाहीं. दैवाची सूट याज्ञवल्क्यानें दिली तशीच राहिली. चोराची सूट मात्र गेली, आणि तें योग्यच झालें. शेजारी धर्मानें राखीत होता. बँक भाडें घेऊन राखते.

परंतु ज्याला लॉकर नाहीं आणि नोंदणीकृत करार नाहीं अशा माणसाचा प्रवास अजून चालूच आहे. दसरा-दिवाळीनंतर धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. त्यांचीं घरें म्हाताऱ्या आईबापांच्या आणि शेजाऱ्यांच्या हवालीं असतात. जुन्या यात्रेकरूचा प्रश्न त्यांच्या दारीं दरवर्षीं येतो, आणि त्यांत पुण्याची जोड नसते.

शेवटीं परंड्याच्या परिसरांतील एका उत्तम राखलेल्या ठेवीचा उल्लेख करतों. परंडा तालुक्यांत सीनेच्या कांठीं डोमगांव येथें समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. कल्याणांच्या हस्ताक्षरांतील दासबोधाची प्रत या मठानें पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिच्याच आधारानें धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९०५ मध्यें दासबोध छापला. संप्रदायांत अशीहि परंपरा सांगतात कीं १६८२ मध्यें समर्थांचें देहावसान झाल्यावर त्यांच्या अस्थि काशीस नेण्याचें काम कल्याणांसाठीं राखून ठेवलें होतें. बत्तीस वर्षें त्या तशाच राहिल्या. आणि १७१४ मध्यें कल्याणांनीं देह ठेवल्यावर गुरुशिष्यांच्या अस्थि एकत्रच गंगेस पोंचल्या.

वेढे पडले, राज्यें बदललीं, तोफ विजापुरास गेली. कागदाचीं पानें मात्र डोमगांवांत राहिलीं. त्यांवर कोणाची मोहोर नव्हती आणि त्यांसाठीं कोणी भाडें घेतलें नव्हतें. एकानें दुसऱ्यास आणि दुसऱ्यानें तिसऱ्यास तीं सांभाळावयास दिलीं, आणि प्रत्येकानें तीं आपलीं नाहींत हें लक्षांत ठेवलें.